टाकीची वाटी कोणी केली?

भिंगकाकांनी स्वतःची ओळख स्वतःच लिहिली होती, स्वतःच छापली होती आणि कचेरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी अशा उंचीवर चिकटवली होती की, पेला भरेपर्यंत माणसाला ती वाचण्यावाचून गत्यंतर नसे. ‘नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, चाल मांजराची. हाताळलेली प्रकरणं: सतरा. उलगडलेली प्रकरणं: मोजणी चालू आहे.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत भर घातली होती, ‘चष्मा: कपाळावर. शोध: चालू आहे.’ ते अक्षर कुणाचं याचा छडा लावणं हे काकांचं अठरावं प्रकरण. त्याचीही मोजणी चालू होती.

हजेरीपटावर काकांचा हुद्दा ‘वरिष्ठ प्रशासक’ एवढाच होता. पण टेबलावर भिंग होतं, खुर्चीच्या पाठीला पाऊस नसतानाही रेनकोट होता आणि समोरच्या टेबलावर सहायक होती. सहायक म्हणजे पिटुकलीची आई. तिला कुणी सहायक नेमलेलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा मोकळं टेबल तेवढं एकच होतं.

कचेरीचं काम तसं सांगायला सोपं. आतल्या कुलूपबंद थंडगार खोलीत आठ मोठाली यंत्रं घरघरत. त्या प्रत्येकाच्या पोटात पन्नासेक आभासी यंत्रं. गिऱ्हाइकाला वाटे आपल्याकडे स्वतंत्र संगणक आहे, प्रत्यक्षात तो एका मोठ्या यंत्रात पोटभाडेकरू. कुणाला किती मेंदू, किती स्मृती, किती साठवण द्यायची याचे साचे आधीच ठरवलेले असत. त्यांना पुस्तकात हार्डवेअर प्रोफाइल म्हणतात, या कचेरीत ‘माप’ म्हणत. मापं पाच: वाटी, पातेलं, बादली, पिंप आणि टाकी. गिऱ्हाइकानं यादीतून माप निवडायचं, त्या मापाचं यंत्र घेऊन सुखानं नांदायचं.

तर झालं असं, की एका प्राण्यांच्या दवाखान्याचं ‘भेटयादी’ नावाचं यंत्र होतं टाकीच्या मापाचं. कुठल्या कुत्र्याला कधीची वेळ, कुठल्या मांजराच्या पायाचा फोटो, सगळं त्यात. आणि गेल्या दहा दिवसांत, दुपारी सव्वा दोनच्या ठोक्याला, या टाकीची वाटी होत होती.

अडीचला दवाखाना जेवणाची सुट्टी संपवून उघडे आणि दोन-चाळीसला तिथल्या स्वागतिकेचा फोन येई. मागून भुंकणं, म्याव म्याव आणि एका पोपटाचं काहीतरी अपमानास्पद बोलणं ऐकू येई. स्वागतिका फार सौम्य बाई होती, म्हणून तिचा फोन घ्यायला सगळे जास्त घाबरत. मग टाकी पुन्हा बसवायची, यंत्र पुन्हा उठवायचं, अडलेल्या नोंदी सोडवायच्या, यात पाच वाजत.

पाच वाजत, हीच पिटुकलीच्या आईची अडचण. तिला चार वाजता निघायची सवलत होती. पाळणाघर साडेचारला बंद होई, पिटुकलीचे बाबा सातच्या आत येत नसत, आणि दीड वर्षाच्या माणसाला ‘थोडा वेळ पायरीवर बस’ असं सांगता येत नाही. दहा दिवसांत चारदा ती यंत्र अर्धवट सोडून पळाली होती. सोमवारी मोठ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की, शुक्रवारपर्यंत हा प्रकार थांबला नाही, तर सवलत बंद करून सगळ्यांनाच सहापर्यंत बसवावं लागेल. मॅडमचा आवाज गोड झाला की त्यांचा निर्णय आधीच झालेला असतो, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ती जागेवर येऊन बसली तेव्हा काकांनी तिच्याकडे भिंगातून पाहिलं.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “प्रकरण माझ्या हातात आहे.”

ती तेव्हा खरी घाबरली.

काकांनी नोंदवही उघडून पुरावे मांडले. पुरावा पहिला, यंत्राच्या इतिहासात रोज एकच ओळ: ‘माप बदललं, टाकीऐवजी वाटी, वेळ दोन-पंधरा, बदलणारा प्रशासक.’ आता प्रशासक म्हणजे कोण, तर कचेरीतले चौघंही. चौघांना मिळून एकच खातं होतं आणि त्याचा पासवर्ड चहाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, कारण बाहेरून चिकटवणं मॅडमना सुरक्षित वाटत नव्हतं. पुरावा दुसरा, शनिवार-रविवारी काही होत नाही. दवाखाना चालू असतो, यंत्र चालू असतं, पण टाकी टाकीच राहते.

“यावरून काय दिसतं?” काकांनी विचारलं.

“काय?”

“गुन्हेगार साप्ताहिक सुट्टी घेतो. म्हणजे तो नोकरदार आहे.” त्यांनी हे वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. तिनं मनात म्हटलं की, नोकरदार आहे तर निदान चार वाजता कुठं जातो तेही बघा.

पहिला संशयित होता वातानुकूलन दुरुस्त करणारा. तो गेल्याच आठवड्यात शिडी घेऊन थंड खोलीत दोनदा जाऊन आला होता. काकांनी त्याला शिडीवर असतानाच गाठलं, म्हणजे त्याला पळता येऊ नये. खोलीचं तापमान किती केलंस, असं विचारलं. त्यानं अठरावरून सोळा केल्याचं कबूल केलं. काका विजयानं मागे वळले.

“उष्णतेनं वस्तू प्रसरण पावते,” ते म्हणाले, “आणि थंडीनं?”

“आकुंचन,” पिटुकलीची आई म्हणाली. तिला उत्तर देताना स्वतःचीच लाज वाटली.

“टाकी आकुंचन पावली. काय झालं तिचं? वाटी. शाळेतलं विज्ञान माणूस विसरतो, इथंच गुन्हेगाराचं फावतं.”

शिडीवरच्या माणसानं बराच विचार करून विचारलं की, मग बाकीची साडेतीनशे-चारशे यंत्रं का नाही आकसली. काकांनी त्याला साक्षीदार म्हणून पुन्हा बोलावू असं बजावलं. तो पुढचा आठवडाभर फिरकला नाही आणि खोलीचं तापमान सोळाच राहिलं.

मंगळवारी संशयाची सुई कोठारवाल्यांकडे वळली. कोठारवाले म्हणजे मागच्या रांगेतले गृहस्थ. कोणत्या यंत्राला किती स्मृती वाटली याचा हिशेब त्यांच्याकडे असे आणि ती ते जणू स्वतःच्या डोक्यातून काढून देत. पंधरवड्यापूर्वी त्यांनीच मॅडमकडे तक्रार नेली होती की, जो तो टाकी मागतो. एका गिऱ्हाइकानं तर वीस जणांचे वाढदिवस लिहून ठेवायला टाकी घेतली होती. तेव्हा मॅडमनी हुकूम काढला, टाकी यादीतून लपवा, दिसणारच नाही तर कुणी मागणार नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे राहू दे. आणि काकांनी स्वतःच्या हातानं टाकी लपवली होती.

“हेतू आहे,” काका म्हणाले. “याला टाक्या बघवत नाहीत. आता सव्वा दोनला तो काय करत होता तेवढं सिद्ध झालं की संपलं.”

सव्वा दोनला कोठारवाले काय करत याला साक्षीदारांची वाण नव्हती. जेवणानंतर ते पडद्याकडे तोंड करून, हात माउसवर ठेवून, पाठ ताठ ठेवून झोपत. ही विद्या त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत कमावली होती. डोळे अर्धे उघडे राहत, पण घोरणं पूर्ण असे.

“झोपेत क्लिक केलं असेल,” काकांनी शेवटचा प्रयत्न केला.

“मी झोपत नाही,” कोठारवाले दुखावले. “डोळे मिटून विचार करतो.”

“मग विचारात क्लिक केलं असेल.”

दोघं पुढे दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते आणि निरोप पिटुकलीच्या आईमार्फत जात. तेही तिच्याच कामात धरलं गेलं.

त्याच दिवशी दोन-चाळीसचा फोन काकांनी स्वतः घेतला आणि स्वागतिकेची उलटतपासणी केली. तुमच्याकडे कळफलकावरून चालणारं एखादं मांजर आहे का? स्वागतिका म्हणाली, आहेत की, चार आहेत. काकांचे डोळे चमकले. पण त्यांच्याकडे तुमचा पासवर्ड नाही, ती शांतपणे पुढे म्हणाली, आणि आत्ता माझ्यासमोर अकरा कुत्री ताटकळली आहेत, त्यातली दोन एकमेकांना ओळखू लागली आहेत, तेव्हा यंत्र चालू करता का? मागून पोपट काहीतरी बोलला. काकांनी ते वहीत टिपून घेतलं आणि मग खोडलं.

बुधवारी काकांनी सापळा रचला. पिटुकलीच्या आईला त्याच्या तयारीपायी जेवणाची सुट्टी सोडावी लागली. एरवी त्या सुट्टीत ती दोन घास घाईनं खाऊन मागच्या गल्लीतल्या पाळणाघराशी जाई, दीडच्या सुमाराला खिडकीच्या गजांतून आत डोकावे, पिटुकली पांघरुणात शांत झोपलेली दिसे, श्वासाबरोबर पांघरूण वरखाली होताना दिसे, मग ती परते. एवढं बघितलं की तिची दुपार जाई. तिचा स्वभावच तसा. सकाळी निघताना गॅसची खिट्टी दोनदा, दाराचं कुलूप तीनदा, आणि जिना उतरल्यावर एकदा वर जाऊन पुन्हा. कचेरीत या स्वभावाला ‘सकाळची पाहणी’ असं भारदस्त नाव मिळालं होतं. रोज दहाला ती गिऱ्हाइकांची मोठी यंत्रं एकेक उघडून बघे, आणि ही गडबड सुरू झाल्यापासून भेटयादी तर आवर्जून. पडद्यावर खिडकी उघडली की वरच असे, ‘सध्याचं माप: टाकी’. हुश्श करून ती खिडकी बंद करी. काका तेच काम दुपारच्या जेवणापर्यंत पाच-सहा वेळा करत, पण त्याला ते टेहळणी म्हणत.

तर सापळा असा. दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी कळफलकापासून दूर व्हायचं. चौघंही गोल टेबलाभोवती बसले आणि काकांच्या आज्ञेनुसार वीसच्या वीस बोटं टेबलावर सपाट ठेवली. कोठारवाल्यांनी चौघांची चाळीस होतात असं निदर्शनास आणलं, पण पिटुकलीच्या आईमार्फत. मॅडमही हात पसरून बसल्या होत्या. समोर भिंतीवर भेटयादीची ओळ दिसत होती. दोन चौदा. दोन पंधराला यंत्र रोजच्यासारखं मिटलं. दवाखान्याच्या सुट्टीत ते रोज एकदा स्वतःहून बंद होऊन ताजंतवानं उठत असे, ती त्याची ठरलेली वेळ; रोज असं मिटून उठणारं यंत्र ते एकच. ते उठलं. उठलं ते वाटी होऊन.

कुणाचंही बोट हललं नव्हतं. कोठारवाले जागे होते.

मग काका खोल आवाजात म्हणाले, “गुन्हेगाराला हात नाहीत.”

मॅडम उठल्या. “उद्या आणि परवा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फार गोड होता.

गुरुवारी हात नसलेल्या गुन्हेगाराच्या शोधात काकांनी कचेरीतलं घड्याळ, पंखा आणि एक जुना छपाईयंत्राचा डबा यांचे जबाब घेतले, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. पिटुकलीची आई सुट्टीत पाळणाघराशी जाऊन डोकावून आली. दुपारी पुन्हा वाटी, पुन्हा फोन, पुन्हा तोच पोपट. चार वाजून दहा मिनिटांनी ती धापा टाकत पाळणाघरात पोचली, तेव्हा पिटुकली डोळे सुजवून मावशींच्या खांद्यावर होती.

पाळणाघराच्या मावशी मोजकं बोलणाऱ्या. अकरा पोरं सांभाळणाऱ्या बाईला लांबण लावायला फुरसत नसते. त्यांनी पिटुकलीला आईकडे दिलं, पिशवी दिली, आणि दारात जरा घुटमळल्या.

“रागावणार नसाल तर एक सांगू?”

“सांगा ना, मावशी.”

“तुम्ही दुपारी खिडकीशी येता ना, ते येऊ नका.”

तिचा चेहरा उतरला. “मी तर आवाजसुद्धा करत नाही. ती झोपलेलीच असते.”

“तुम्ही बघता तेव्हा झोपलेलीच असते,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही बघून जाता. मग ती कूस बदलते. मग अर्ध्या तासानं रडत उठते. तुमचा वास येतो का सावली पडते, मला काय ठाऊक. काल तुम्ही आला नाहीत, तर साडेतीनपर्यंत गाढ झोपली. शनिवारी-रविवारी घरी कशी झोपते?”

“घरी तर...” ती बोलायची थांबली. घरी शनिवारी-रविवारी पिटुकली तीन-तीन तास झोपे, कारण तेव्हा आईसुद्धा शेजारीच झोपलेली असे आणि तपासायला कुणी नसे.

शनिवार-रविवार.

मावशी पुढं काही म्हणत होत्या, पिशवीत उद्या दोन लंगोट जास्त टाका असं काहीतरी. पण पिटुकलीची आई पायरीवरच उभी राहिली होती. बघतो तेव्हा टाकीच असते. बघून आपण जातो. मग सव्वा दोनला यंत्र डोळे मिटतं आणि उठताना वाटी होऊन उठतं. आणि ज्या दोन दिवशी काही होत नाही, त्या दोन दिवशी चोर सुट्टीवर नसतो. सुट्टीवर आपण असतो.

शुक्रवारी सकाळी दहाला तिनं काकांच्या माउसवर हात ठेवला.

“काका, आज भेटयादी उघडायची नाही. तुम्हीही नाही, मीही नाही.”

“टेहळणीशिवाय तपास?” काकांना ती चष्म्याशिवाय वाचायला सांगते आहे असं वाटलं.

“सव्वा दोनपर्यंतच. माझ्यासाठी.”

काका मूळचा मऊ माणूस. त्यांनी रेनकोट घातला, भिंग खिशात टाकलं आणि दोन्ही हात काखेत दाबून बसले. ती सकाळ दोघांनाही फार लांब गेली. अकराला काका म्हणाले की, नुसतं वरवर बघितलं तर काय होतं. बाराला त्यांनी विचारलं की, डोळा किलकिला करून बघितलेलं चालेल का. तिची स्वतःची बोटं शिवशिवत होती. सुट्टीत ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दिव्याच्या खांबाला हात लावला आणि परत आली. एवढं कठीण काम तिनं बाळंतपणानंतर पहिल्यांदाच केलं.

दोन पंधराला यंत्र मिटलं आणि उठलं.

टाकी.

दोन-चाळीसला फोन आला नाही. तीनलाही नाही. कोठारवाल्यांनी शांतता फारच झाल्यामुळे डोळे पूर्ण उघडले.

मग तिनं मॅडम आणि काकांना शेजारी उभं करून भेटयादीची खिडकी उघडली. वर ‘सध्याचं माप: टाकी’. आजवर सगळ्यांची नजर इथं येऊन थांबत असे. तिनं खिडकी खाली सरकवली, खाली, अजून खाली, जिथं कुणी कधी गेलंच नव्हतं. अगदी तळाशी एक चौकोन होता: ‘पुढच्या वेळी उठल्यावरचं माप’. त्यात वाटी बसली होती. टाकी यादीतून लपवल्यामुळे चौकोनाला टाकी सापडत नव्हती, म्हणून खिडकी उघडली की यादीतलं पहिलं माप तो आपणहून धरून बसे. आणि खिडकीखाली बटणं दोन, ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’. पिटुकलीच्या आईला रद्द करायची भीती वाटे, न जाणो यंत्रच रद्द व्हायचं. म्हणून नुसतं बघून झाल्यावर ती रोज काळजीपूर्वक जतन करी.

“आणि तुम्ही?” मॅडमनी काकांना विचारलं.

“मी रद्द करत नाही,” काका ताठ होऊन म्हणाले. “हाती घेतलेलं रद्द करणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही.”

म्हणजे टाकी लपवली काकांनी, वाटी जतन केली दोघांनी, रोज दुपारी टाकी उघडी करून यंत्राला लावून पुन्हा शिस्तीत लपवली पुन्हा काकांनीच, आणि दुसऱ्या दिवशी ती नीट आहे ना, हे बघायला पुन्हा दोघं हजर. माप पुढच्या वेळी उठल्यावर लागू होतं हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, दाराला बिजागरी असते हे माहीत असतं तसं; तिकडे बघत कुणी नसे. मॅडमनी बराच वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी टाकी यादीत परत ठेवायला सांगितली, ती मागणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागेल असा नवा हुकूम काढला, आणि पिटुकलीच्या आईला म्हणाल्या, “चार वाजत आले. निघ तू.” आवाज खणखणीत, रोजचा. सवलत वाचली होती.

ती निघाली तेव्हा काका वहीत प्रकरण एकोणिसावं पूर्ण करत होते. ‘गुन्हेगार आपल्यातच आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याला बेसावध ठेवण्यासाठी चार दिवस हेतुपुरस्सर चुकीच्या दिशेनं तपास केला.’ गुन्हेगाराच्या नावाची जागा त्यांनी कोरी सोडली होती. जागेच्या अभावी, असं ते म्हणाले.

पाळणाघराच्या दारात मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. आज जेवणालाच उशीर झाला, अडीचला डोळा लागला, अजून झोपली आहे. तिनं आत पाऊल टाकलं नाही, खिडकीकडेही गेली नाही. ती पायरीवर बसली. साडेचारला अजून पंधरा मिनिटं होती, आणि त्या पंधरा मिनिटांत तपासण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. मावशी तिच्याकडे कौतुकानं बघत शेजारी टेकल्या.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन कर्कश वाजला.

“मी काही उघडलेलं नाही,” काका कुजबुजत म्हणाले. “फक्त एवढंच विचारायचं होतं, एकदा बघून घेऊ का, ती ठीक आहे ना?”

आतून पिटुकलीनं आधी एक हुंदका दिला आणि मग तिनं गळा काढला.